सरपणाच्या थप्पीतील पोकळी

वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पर्जन्य झेलणाऱ्या लोणावळ्याच्या परिसरात, मृगापूर्वी पडवीत रचलेली सरपणाची थप्पी चार महिने पुरेल किंवा नाही, हा अदमास मावळातील गृहिणी केवळ नजरेने बांधते. तो पडताळून पाहण्याची युक्ती मात्र मोठी मनोरंजक आहे.

थप्पी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असली, तर तिचे आकारमान दोन घनमीटर भरते. परंतु त्यात वाराही मोजला गेला! हा वारा वेगळा काढण्यासाठी वीतभर अंतरावर गाठी मारलेली सुतळी, लाकडांची कापलेली तोंडे दिसतात त्या बाजूवर आडवीतिडवी ताणून धरावी आणि किती गाठी लाकडावर व किती फटीवर पडल्या याची मोजदाद करावी. शंभरांपैकी साठ लाकडावर पडल्या, तर लाकूड सुमारे सव्वा घनमीटर.

बारीक काटक्यांत फटी कमी, हा समज फसवा आहे. पोत्यात वाटाणे भरा की मोहरी, पोकळीचे एकूण प्रमाण जवळपास तेच राहते. काटक्या वेड्यावाकड्या असल्याने त्यांच्यात उलट वाराच अधिक. एकसारखे, सरळसोट गोल ओंडके कितीही दाटून रचले तरी शेकडा नऊ भाग रिकामेच राहतात.

वजनावर मात्र विसंबू नये: ओल्या लाकडात पाण्याचेही दाम मोजावे लागतात. पण नुसत्या आकारमानावरही भागत नाही: पांगाऱ्याच्या लाकडाची थप्पी तेवढ्याच आकाराच्या ऐनाच्या थप्पीच्या निम्मासुद्धा विस्तव देत नाही.