ट्रंकेतले कागद

आष्ट्याला आमच्या गल्लीत एक चाचा राहायचे. ते मुंबईला गिरणीत साच्यावर कामाला होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण इकडचे कित्येकजण गावाकडं परतले. चाचाही आले, वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन. पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत.

त्यांच्या माघारी एकदा ईदच्या आधी घराला चुना द्यायचं निघालं. ट्रंकेतले कागद रद्दीवाल्याला द्यायला बाहेर काढले होते. मी सहज चाळले. ई.एस.आय.चं कार्ड, तिकीट नंबराची पगारचिठ्ठी आणि दोऱ्यात ओवलेल्या युनियनच्या वर्गणीच्या पावत्या!

पुढं गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली. म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर असलेल्या कामगाराला, तो हयात नसेल तर वारसाला, अर्ज करता येत होता; पण पुरावा लागायचा. त्या कार्डामुळं चाचांच्या मुलाला अर्ज तरी भरता आला. घर अजून मिळालेलं नाही.

पावत्यांचा मात्र त्या अर्जाला उपयोग नव्हता. मग त्या का जपायच्या? पुढाऱ्यांची भाषणं वर्तमानपत्रात छापून येतात. महिन्याच्या पगारातून वर्गणी देणाऱ्याचं नाव फक्त पावतीवर असतं. सभेच्या इतिवृत्तात कोण काय बोललं ते सापडतं. १९२६ च्या कायद्यानं नोंदलेल्या संघटनेला सभासदसंख्या आणि जमाखर्च दरवर्षी निबंधकाकडं द्यावा लागे. हे सारं शेजारी शेजारी ठेवलं, की चळवळ कधी भरात आली आणि कधी ओसरली, ते कळतं.

या कागदांची किंमत इंग्रज सरकारला बरोबर ठाऊक होती. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. लगेच मार्च १९२९ मध्ये डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर आणि स्वतः गिरणी कामगार असलेले अर्जुन आळवे यांना मीरत कट खटल्यात पकडलं. पोलिसांनी पत्रं, पत्रकं, दप्तरं उचलून कोर्टात पुरावा म्हणून मांडली. शिक्षा देण्यासाठी गोळा केलेले ते कागद आज इतिहासाचे अभ्यासक वाचतात. सरकारनं जपलं, आपण मात्र रद्दीत घालतो!

आपला वाळवा तालुका तर अण्णाभाऊ साठ्यांचा. वाटेगावचा हा माणूस मुंबईत गिरणीत राबला आणि १९४४ मध्ये अमरशेख, गवाणकर यांच्याबरोबर त्यानं लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांची पुस्तकं वाचनालयात मिळतात. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून ऐकणाऱ्यांची नोंद कुठं असलीच, तर ती अशा ट्रंकांत.

म्हणून एवढंच करा. जुने कागद कोरड्या जागी ठेवा. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. पाकिटावर नाव, गाव, साल लिहा. फोटो काढून एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. आणि घरात कुणी जुनं माणूस असेल, तर कागद त्यांच्या हातात देऊन जवळ बसा. कागदावर नसलेलं तेच सांगतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)