गुलकंदाचा गुलाब आणि त्याचे शेजारी

प्रवाळयुक्त असो वा साधा, गुलकंद उन्हाळ्यात आपल्या बहुतेकांच्या औषधालयातून रुग्णांकडे जातो. मात्र त्यातील पाकळी कोठून आली, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? फुलबाजारासाठी पिकविलेल्या गुलाबावर भुरी, फुलकिडे व लाल कोळी यांच्या बंदोबस्तासाठी वारंवार फवारण्या होतात. ते फूल हारात शोभते. पोटात देण्यासाठी ते पिकविलेलेच नसते. आंतरप्रवाही कीटकनाशकाचा अंश पाकळी धुऊन जात नाही, आणि गुलकंदाला तर अग्निसंस्कारही नाही. भावप्रकाशाने पुष्पवर्गात शतपत्री, तरुणी या नावांनी वर्णिलेले हे शीत, हृद्य, वर्ण्य पुष्प आपल्या अंगणात लावणे, हाच त्यावर खात्रीचा उपाय होय.

मोगल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद म्हणत. त्याच जिल्ह्यातील आमचे चांदवड मात्र सातमाळा डोंगरांच्या पायथ्याचे, कमी पावसाचे. कोरडी हवा गुलाबाला एका परीने हितकर, कारण पानांवरील काळे ठिपके ओलाव्यात बळावतात. जमीन मुरमाड व चुनखडीची असल्यास पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेथे खड्ड्यात शेणखत भरपूर घालावे. जातींबाबत म्हणावयाचे तर, राजस्थानातील चैत्री गुलाब वर्षातून एकदाच बहरतो. आपल्याकडे ‘एडवर्ड’ हा सुगंधी देशी गुलाब अधिक सोयीचा, कारण तो पुन:पुन्हा फुलतो. ‘ग्लॅडिएटर’सारखी टपोरी फुले दिसावयास देखणी, परंतु सुगंधाच्या बाबतीत निराशा करतात.

आता शेजारी. गुलाबाजवळ कांदा-लसूण लावावा, म्हणजे मावा येत नाही, असा सल्ला बागकामाच्या पुस्तकांतून सर्रास आढळतो. चांदवडकराने तो जपूनच घ्यावा. येथे चहूकडे कांद्याची शेते आहेत. कांद्यावरील फुलकिडे बहुभक्षी असून पात वाळू लागली, पीक निघाले, की ते हिरवे झाड शोधीत येतात. मी स्वत: परसात कांद्याच्या वाफ्याकडेला चार झाडे लावली होती. कांदा काढल्यानंतर पंधरवड्यातच कळ्या वेड्यावाकड्या होऊन कडांनी करपल्या. तेव्हापासून कांदा स्वयंपाकघरातच बरा, असे माझे मत झाले आहे.

झेंडूचे तसे नाही, पण त्याचेही काम नीट समजून घेतले पाहिजे. त्याच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक ठरतात. हा गुण एखाद-दुसऱ्या रोपाने येत नाही, तर सबंध वाफ्यात दाट लागवड केल्याने येतो. शिवाय झेंडूवर लाल कोळीही वाढतो. म्हणून तो गुलाबासोबत न लावता गुलाबापूर्वी लावावा. पावसाळ्यात लावलेल्या झेंडूची फुले दसरा-दिवाळीला उतरवावीत, झाडे कोवळी असल्यास तेथेच गाडावीत आणि ती कुजल्यावर थंडीत त्या वाफ्यात गुलाबाची कलमे लावावीत.

गुलाबाचे खरे सोबती म्हणजे शेपू, बडीशेप आणि कोथिंबीर. यांची छत्रीसारखी फुले उमलू द्यावीत. त्यांतील मधासाठी सिरफिड माश्या येतात व त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. ढालकिडेही येतात. तिन्ही वनस्पती आपल्या कामाच्याच, हा वेगळा लाभ. मात्र गुलाबाच्या बुंध्याभोवती सुमारे हातभर जागा मोकळी राखावी. गुलाबाला गर्दी सोसत नाही. हवा खेळली नाही तर भुरी ठरलेली.

छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात करावी. फवारा द्यावयाचाच झाल्यास ५ टक्के निंबोळी अर्काचा, तोही फुले वेचून झाल्यावर सायंकाळी. पाकळ्या पहाटे, दव उतरताच खुडाव्यात. ऊन चढले की सुगंध उडतो. १ भाग पाकळी व २ भाग खडीसाखर यांचे थर काचेच्या बरणीत रचून ती उन्हात ठेवावी. आठ-दहा झाडांतून औषधालयाची गरज भागणार नाही, हे मान्य. उरलेली पाकळी शेजारच्या शेतकऱ्याकडून घ्यावी, पण लागवडीपूर्वीच फवारणीविषयी त्याच्याशी बोली करून.