उणे टक्के आणि कोरी जागा

आज बोलायचं आहे ते क्लाउडमध्ये साठवलेला डेटा आणि तो आलेखांच्या रूपात दाखवणारी साधनं यांच्या जोडणीबद्दल. पॉवर बीआय, टॅब्लो, लुकर ही नावं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असतील. यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम, असं कोणी म्हणेल. ते पुढे कळेल. आधी उजनीकडे जाऊ.

उन्हाळ्यात इंदापूरकडचा माणूस रोज एक आकडा बघतो, उजनी किती टक्के. 2024 च्या उन्हाळ्यात तो आकडा उणे 50 च्याही खाली गेला होता. आता उणे पाणी म्हणजे काय हो? हंड्यात पाणी असतं किंवा नसतं, उणे कसं असेल? तर उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यात 63.66 टीएमसी मृतसाठा आणि त्याच्यावर 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. पाणी मृतसाठ्यात उतरलं की आकडा उणे होतो. उणे 50 टक्के असताना धरणात जवळपास 37 टीएमसी पाणी असतं. हेच पाणी एकूण साठ्याच्या हिशेबात मांडा, अधिक 31 टक्के होतील. पाणी तेच, एक थेंब इकडचा तिकडे नाही. आणि या पाण्यावर भांडण होतं. 2021 साली उजनीतून इंदापूरसाठी 5 टीएमसी पाणी उचलायचं ठरलं तेव्हा सोलापुरात आंदोलन पेटलं आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. अशा वेळी कोणाच्या पडद्यावर उणे 50 दिसतात आणि कोणाच्या पडद्यावर अधिक 31, ही किरकोळ बाब राहत नाही.

बरं, यात प्रत्यक्ष मोजलेलं काय असतं? फक्त पाण्याची पातळी, मीटरमध्ये. पातळीवरून टीएमसी काढतात ते तक्त्यावरून, आणि टीएमसीवरून टक्के काढतात ते सूत्रावरून. नैयायिकांच्या भाषेत पातळी हे प्रत्यक्ष, बाकी सगळं अनुमान. अनुमानाला व्याप्ती लागते, जिथे धूर तिथे अग्नी. इथे ती व्याप्ती त्या तक्त्यात बसलेली आहे. धरणात गाळ साठत गेला आणि तक्ता जुनाच राहिला, तर पातळी अचूक मोजूनही टीएमसी चुकणार.

आता जोडणीकडे येतो. क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेले संगणक. मायक्रोसॉफ्टची अशी केंद्रं 2015 पासून आपल्या पुण्यातच आहेत. तिथे तक्ते असतात, ओळी आणि रकाने. इकडे पडद्यावर आलेख. मधे असतो कनेक्टर, तो पासवर्ड किंवा परवानगीचं टोकन दाखवून आत जातो आणि ओळी घेऊन येतो. डेटाची एक प्रत आणून ठेवायची, की दर वेळी मूळ ठिकाणी जाऊन विचारायचं, असे दोन मार्ग आहेत. प्रत झपाट्याने चालते पण शिळी होते. पॉवर बीआयच्या प्रो परवान्यात ती ठरलेल्या वेळी आपोआप ताजी होते ती दिवसातून 8 वेळाच. थेट विचारलं तर उत्तर ताजं मिळतं, पण उशिरा, आणि दर विचारण्याचं बिल लागू शकतं. हे तंत्र कोणीही चार दिवसांत शिकेल.

खरा प्रश्न असा की ‘टक्के’ म्हणजे काय, हे कुठे लिहायचं? कनेक्टर 491.03 हा आकडा आणतो. ही उजनीच्या मृतसाठ्याची वरची पातळी आहे, इथेच शून्य टक्के धरायचे, हे तो आणत नाही. ते कोणीतरी लिहावं लागतं. प्रत्येकाने आपापल्या आलेखात लिहिलं तर एकाच कचेरीत दोन टेबलांवर दोन उजनी तयार होतात. म्हणून साठवण आणि आलेख यांच्या मधे एक थर ठेवतात, तिथे व्याख्या एकदाच करायची आणि सगळ्यांनी तीच वापरायची. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातलं सर्वांत मोलाचं काम हेच, आणि नेमकं तेच घाईघाईत उरकलं जातं.

आता बारामती. तिथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प हाती घेतला. पहिल्या टप्प्यात सुमारे 1000 शेतकरी होते. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रह यांचा डेटा क्लाउडमध्ये एकत्र येतो आणि शेतकऱ्याला मोबाइलवर सल्ला मिळतो. अशा कुठल्याही व्यवस्थेत एक प्रसंग हमखास येतो, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. आडसाली उसाच्या रानात चार सेन्सर आहेत. ओलावा 32, 30, 34, आणि चौथ्याची बॅटरी संपलेली. तिथे कोरी जागा. तिघांची सरासरी 32. पण कोऱ्या जागेत कोणी शून्य भरलं, तर सरासरी 24. सल्ला येणार, पाणी द्या! भिजलेल्या रानाला पुन्हा पाणी.

आपल्याकडे मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं. जमिनीवर घडा नाही, हे मला कळतं, कारण असता तर दिसला असता. पण अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. एक अभावाचं ज्ञान, दुसरा ज्ञानाचा अभाव. शून्य हे पहिलं आहे, कोरी जागा हे दुसरं. डेटाबेसवाल्यांनाही हे उमगलेलं आहे. एसक्यूएल या भाषेत कोऱ्या जागेला ‘नल’ म्हणतात. नल अधिक 5 म्हणजे नलच. आणि नल शून्याइतकं आहे का, या प्रश्नाला खरं नाही, खोटं नाही, ‘माहीत नाही’ असं तिसरंच उत्तर असतं.

आणि आता गंमत बघा. पॉवर बीआयच्या सूत्रभाषेत, डॅक्समध्ये, कोरं अधिक 5 म्हणजे 5! आणि कोरं शून्याइतकं आहे का, असं साध्या बरोबरच्या चिन्हाने विचारलं तर ती ‘हो’ म्हणते. म्हणजे जोडणीच्या एका टोकाला एक दर्शन आणि दुसऱ्या टोकाला दुसरं. सरासरी काढताना दोघीही कोऱ्या जागा वगळतात, तिथे वाद नाही. वाद होतो तो बेरजेत, तुलनेत, आणि आलेख तुटका दिसतो म्हणून कोणी हौसेने शून्य भरतो तेव्हा.

पावसाळ्यात हे उसाला फार लागू पडतं. सेंटिनेल-2 हे जोडउपग्रह दर 5 दिवसांनी त्याच रानावरून जातात, पण जुलै-ऑगस्टमध्ये खरे ढग आड येतात आणि त्यांना खालचं पीक दिसत नाही. (क्लाउडमध्ये डेटा नाही, कारण आभाळात क्लाउड आहे!) मग दोन चांगल्या चित्रांमध्ये वीस-पंचवीस दिवसांची फट पडू शकते. काही आलेख दोन्ही टोकं सरळ रेषेने जोडून मोकळे होतात, आणि जणू रोज मोजमाप झालं असं वाटतं. तिथे रेषा तुटू द्यावी. फारच खटकत असेल तर ठिपक्यांची करावी, आणि आकड्याशेजारी शेवटच्या खऱ्या नोंदीची तारीख छापावी, त्याच आकाराच्या अक्षरांत. कोपऱ्यात करड्या रंगात छापलेली तारीख बांधावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला मोबाइलवर वाचता येत नाही.