शाळा सहाव्या वर्षी, तयारी तिसऱ्या वर्षापासून

आपल्याकडे मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याची बिस्मिल्लाह करण्याचा जुना रिवाज आहे. नवे कपडे, वडीलधाऱ्यांची दुआ, हातात मिठाई आणि समोर उघडलेला कायदा. हा फर्ज नाही, रिवाज आहे. काही घरांत तो पाळला जातो, काही घरांत नाही. पण त्यामागची समज मोलाची आहे. मुलाची तालीम शाळेच्या पहिल्या घंटेच्या बरीच आधी सुरू होते, हे आपल्या नानी-दादींना ठाऊक होते. प्रश्न पुढचा आहे. मिठाई वाटून झाली, पाहुणे घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल कुठे जाते?

नवी मुंबईतील महापे घ्या. एका बाजूला एमआयडीसीचे कारखाने आणि काचेच्या इमारतींतील कचेऱ्या, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या कुशीतील जुने गाव आणि कामगारांच्या वस्त्या. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक अशा ठिकठिकाणांहून आलेली कुटुंबे इथे राहतात. त्यांत आपली घरेही आहेत. अब्बा पहिल्या पाळीला, अम्मी पॅकिंगच्या किंवा घरकामाच्या कामावर. अशा घरांतील तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे साधारणपणे दोन प्रकार होतात. ज्यांना परवडते ते फी, गणवेश आणि व्हॅनचे पैसे भरून एखाद्या खोलीतल्या नर्सरीत घालतात. ज्यांना परवडत नाही त्यांचे मूल घरी राहते आणि त्याला सांभाळायला बहुतेक वेळा मोठी बहीण घरी राहते. म्हणजे एकाची तयारी राहते आणि दुसरीची शाळा बुडते.

या दोन्ही वाटांच्या मधोमध एक तिसरी वाट आहे आणि तिला पैसे लागत नाहीत: अंगणवाडी आणि महापालिकेची बालवाडी. आपल्यापैकी पुष्कळ जण तिच्याकडे "खिचडी मिळण्याची जागा" म्हणून पाहतात. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे की ती आपल्या मुलांची पहिली शाळा आहे. ती वापरली पाहिजे आणि ती चांगली चालावी म्हणून आग्रहही धरला पाहिजे.

अंगणवाडी हे नाव कुठून आले?

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आज ते पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरीब आणि आदिवासी घरांतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

आपल्या इतिहासातही असे उदाहरण आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लियात डॉ. झाकिर हुसेन यांच्या काळात, १९३३ मध्ये, गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाची जर्मन बाई आली. लहान मुलांच्या शिक्षणात तिने स्वतःला असे झोकून दिले की सगळे तिला "आपा जान" म्हणू लागले. १९४३ मध्ये तिचे निधन झाले ते तिथेच. उच्चशिक्षण घेतलेल्या या मंडळींना चार वर्षांच्या मुलांसोबत बसून खेळण्यात कमीपणा वाटला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मोफत म्हणजे नेमके काय?

अंगणवाडीत सहा सेवा असतात: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणे, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शाळापूर्व शिक्षण. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार या वयाच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम शिजवलेले जेवण मिळाले पाहिजे. हा हक्क आहे, खैरात नाही. ज्यांच्या घरी दोन वेळचे नीट होते त्यांनीही संकोच करू नये. मुले एका पंगतीला बसून जेवतात, ताट स्वतः उचलतात, हेही शिक्षणच आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे हे सर्वांना माहीत असते. पण त्याच्या ११ व्या कलमात तीन वर्षांवरील मुलांना पहिलीसाठी तयार करण्याची आणि त्यांच्या मोफत शाळापूर्व शिक्षणाची व्यवस्था शासन करू शकेल, असे म्हटले आहे. एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला आणि अंगणवाडीत शिक्षणाचे काम चालते हे मान्य केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर शाळेची पहिली पायरीच तीन ते आठ वर्षांची धरली आहे. त्यात शाळापूर्व तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन वर्षे येतात. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे हे धोरण सांगते. म्हणजे आपण ज्या वयाला "अजून लहान आहे, खेळू दे" म्हणतो, तेच पेरणीचे दिवस आहेत. खेळू द्यायचेच आहे, फक्त त्या खेळाला सोबत, साहित्य आणि वेळ हवी.

घरची बोली आणि वर्गाची भाषा

दोन्ही भाषांत शिकवणारी शिक्षिका म्हणून या मुद्द्यावर मी थोडी जास्त थांबते, कारण आपल्या मुलांचे खरे अडते ते इथेच.

महाप्यातील आपल्या घरांत कुणी दखनी बोलते, कुणी उर्दू, कुणी भोजपुरी मिसळलेली हिंदी. कोकणी मुसलमानांच्या घरात कोकणी मराठी असते, त्यांचे थोडे सोपे जाते. बाकीची मुले सहाव्या वर्षी थेट मराठी पहिलीत बसतात तेव्हा त्यांना एकाच वेळी तीन गोष्टी शिकाव्या लागतात: घराबाहेर तासन् तास बसणे, नवी भाषा आणि त्या नव्या भाषेतील अक्षरे. "फळा" हा शब्दच कधी ऐकला नसेल तर त्यातला "ळ" ओळखणार कसा? उर्दूत हा उच्चारच नाही. मूल गप्प राहते. गप्प मुलाला "कच्चा" म्हटले जाते. दिवाळीपर्यंत त्यालाही ते पटते, आणि एकदा पटले की मग शाळेत न जाण्याची कारणे आपोआप सापडू लागतात.

हेच मूल तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत गेले असते तर मराठी त्याच्या कानावर गाण्यातून, खेळातून, जेवणाच्या पंगतीतून पडली असती. तिथे चुकले तरी गुण जात नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही, मूल ऐकत राहते आणि बोलत नाही. घाबरू नका. ते भाषा साठवत असते. एक दिवस घरी येऊन आपल्याच नादात अंगणवाडीचे गाणे म्हणू लागते, तेव्हा समजावे की बांध फुटला.

अम्मी-अब्बांना दोन विनंत्या. पहिली, मुलाला मराठी यावी म्हणून घरची बोली बंद करू नका. ज्या भाषेत आपण लाड करतो, रागावतो, गोष्ट सांगतो, तीच भाषा मुलाच्या विचारांचा पाया असते. घरच्या बोलीत भरपूर बोलणारे मूल दुसरी भाषा लवकर पकडते. तोडक्यामोडक्या मराठीत बोलण्यापेक्षा दखनीत सुंदर गोष्ट सांगा. दुसरी विनंती, पहिल्या दिवसाआधी मुलाला पाच वाक्ये मराठीत पाठ करवा: "मला पाणी हवे." "मला शूला जायचे आहे." "माझे पोट दुखते." "मला कळले नाही." "माझे नाव अमुक आहे." एवढी शिदोरी असली की मुलाची अर्धी भीती जाते. गरज सांगता न आल्यामुळे कपडे ओले झालेले मूल दुसऱ्या दिवशी येत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

कायदा आणि बाराखडी

पालक मला विचारतात, "दुपारी मकतबमध्ये कायदा उजवीकडून, सकाळी मराठी डावीकडून. मूल गोंधळणार नाही का?" थोडे गोंधळते, मग सावरते. वर्षानुवर्षे आपली मुले दोन-तीन लिप्या शिकत आली आहेत. अडचण लिप्यांच्या संख्येची नसते, घाईची असते. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरण्याची ताकद नीट आलेली नसते. त्याच्याकडून कोणत्याही लिपीची पाटी भरून घेणे म्हणजे कोवळ्या खांद्यावर पोते देणे. या वयात ऐकणे, म्हणणे, चित्र पाहणे, रेघोट्या मारणे पुरेसे आहे. अक्षरे लिहिण्याची वेळ पुढे येते, आणि तेव्हाही दोन लिप्यांत थोडे अंतर ठेवावे. एक जरा हातात बसली की दुसरी.

म्हणूनच नर्सरी निवडताना "माझा मुलगा शंभरपर्यंत अंक लिहितो" याला भुलू नका. शंभरपर्यंत लिहिणाऱ्या मुलाला समोरचे सात चमचे मोजता येतात का, हे पाहा.

घरात काय करावे?

पैसे लागत नाहीत, रोजच्या कामातच हे होते.

• पोळीच्या कणकेचा गोळा मुलाला द्या. मळणे, लाटणे, तोडणे यातून बोटे पेन्सिलसाठी तयार होतात.

• राजमा आणि छोले एकत्र करून वेगळे करायला द्या, मग मोजायला लावा. मूल तोंडात घालणार नाही इतके लक्ष असू द्या.

• वुजू करताना क्रम बोलून दाखवा: आधी हात, मग तोंड, त्यानंतर काय? पुढे-मागे, उजवा-डावा, आधी-नंतर हे शब्द गणिताचे आणि वाचनाचेही आहेत.

• बटण लावणे, चप्पल उजवी-डावी ओळखणे, हात धुणे, डबा उघडणे मुलालाच करू द्या. उशीर होईल, होऊ द्या.

• रात्री मोबाइल बाजूला ठेवून एक गोष्ट सांगा. मग विचारा, "पुढे काय झाले असेल?" अब्बांनी सांगितली तर फारच उत्तम.

केंद्र नसेल, किंवा असून नसल्यासारखे असेल तर

ही माहिती प्रत्येक वस्तीत पोहोचायला हवी. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. हे गावांना लागू आहे, तसेच शहरातल्या झोपडवस्तीलाही. म्हणजे करायचे काय? चार आयांनी मिळून गल्लीतील मुलांची यादी करावी: नाव, जन्मतारीख, आईचे नाव. सह्या किंवा अंगठे घ्यावेत. अर्ज एकात्मिक बाल विकास प्रकल्पाच्या कार्यालयात द्यावा आणि पोच घेऊन ठेवावी. जमातीचे जाणते लोक, मशिदीचे विश्वस्त सोबत आले तर काम लवकर हलते. यादीत शेजारच्या हिंदू, बौद्ध, आदिवासी घरांतील मुलेही असू द्या. अंगणवाडी सगळ्यांच्या अंगणातली असते.

केंद्र आहे, पण नीट चालत नसेल तर आधी आत जाऊन बसा. मुलांशी बोलले जाते का, खेळणी कपाटात बंद तर नाहीत ना, वजन नियमित घेतले जाते का, जेवण गरम असते का, हे पाहा. सेविका ताईंशी भांडणाच्या सुरात बोलू नका. त्यांना पगार नाही, मानधन मिळते, आणि मुलांना शिकवण्याबरोबर नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती, गरोदर बायकांच्या भेटी हे सारे त्यांच्याच गळ्यात असते. आठवड्यातून एक आई तासभर मदतीला गेली तरी फरक पडतो. कुणी गोष्ट सांगेल, कुणी जुन्या कपड्यांच्या बाहुल्या शिवेल. त्यानंतरही सुधारणा झाली नाही तर पर्यवेक्षिकेकडे लेखी तक्रार करा.

एक गोष्ट मान्य करायला हवी. अंगणवाडी काही तासांचीच असते, कारखान्याची पाळी आठ तासांची. मधल्या वेळेसाठी दोन-तीन घरांनी आळीपाळीने मुले सांभाळण्याची व्यवस्था करावी, पण मोठ्या मुलीची शाळा त्यासाठी बुडू देऊ नये.

जूनच्या आधी

मूल तीन वर्षांचे झाले असेल तर या आठवड्यातच जवळच्या अंगणवाडीत किंवा महापालिका शाळेच्या बालवाडीत नाव घाला. गावाकडे जन्म झाला असेल तर जन्मदाखला आत्ताच मागवून ठेवा, आणि दाखल्यावरचे नाव व आधारवरचे नाव एकसारखे करून घ्या. पुढे पहिलीच्या प्रवेशाला हेच आडवे येते. पहिलीत जाणार असेल तर सहा वर्षे कोणत्या तारखेला पूर्ण हवीत ते शाळेत विचारून घ्या. वय वाढवून लवकर बसवण्याची घाई करू नका. गेली काही वर्षे राज्यातील शाळांत पहिलीच्या मुलांसाठी "पहिले पाऊल" हे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. तिथे मुलाला घेऊन जा, आणि आईंच्या गटात नाव द्या.

मग रोज पाठवा. पाऊस आहे, पाहुणे आहेत, आज मूल रडते आहे, ही कारणे आपली असतात, मुलाची नसतात. तीन वर्षे रोज थोडे थोडे केले तर सहाव्या वर्षी आपले मूल वर्गाच्या दारात आपला हात स्वतःहून सोडेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलांना इल्मची गोडी लावो. आमीन.