पाणी काढले, पण अस्तराचे काय?

सोनोग्राफी सांगितलेली असते पित्ताच्या खड्यासाठी. खडा सापडत नाही, पण रिपोर्टात खाली छापून येते: डाव्या किडनीत ४ सेंटिमीटरची ‘सिंपल कॉर्टिकल सिस्ट’. घरी पोचेपर्यंत सिस्टची ‘गाठ’ होते आणि रात्रीपर्यंत नातेवाइकांत कर्करोगाची कुजबुज.

खरे तर ही पातळ आवरणाची, स्वच्छ द्रवाने भरलेली पिशवी. पन्नाशीनंतर ती सर्रास आढळते. न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ साली किडनीतल्या सिस्टची प्रतवारी मांडली. पहिल्या प्रतीत भिंत पातळ आणि गुळगुळीत, आत पडदे नाहीत, घट्ट भाग नाही. अशा सिस्टला उपचार नको आणि दर सहा महिन्यांची सोनोग्राफीही नको. तिसऱ्या-चौथ्या प्रतीत कर्करोगाची शंका रास्त असते. त्यांची वाट वेगळी. दोन्ही किडन्या सिस्टने भरणारा आनुवंशिक आजारही वेगळाच.

मग हात कधी लावायचा? कूस सतत दुखते, लघवीच्या वाटेवर दाब येतो, संसर्ग होतो, तेव्हा. नुसती ‘मोठी आहे’ हे कारण मला पुरेसे वाटत नाही. दुखण्याचेही तपासून घ्यावे. कंबर तर निम्म्या गावाची दुखते. सुईने पाणी काढल्यावर दुखणे थांबले आणि पाणी भरताच परतले, तर दोष सिस्टचा.

पाणी परत भरतेच बहुधा, कारण ते पाझरवणारे अस्तर जागेवरच असते. म्हणून अस्तर निकामी करायचे. रुग्णाला पालथे झोपवून, जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत पाठीतून सुई घालतात आणि तिच्या वाटेने बारीक नळी सरकवतात. सगळे पाणी ओढून मोजतात. मग नळीतून रंगद्रव्य सोडून फोटो घेतात: सिस्ट मूत्रमार्गाला जोडलेली असेल तर इथेच थांबायचे. नसेल तर काढलेल्या पाण्याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढे अल्कोहोल आत सोडतात. हे ९५ टक्क्यांच्या वरचे, बाटलीतल्या ‘औषधा’शी त्याचा संबंध नाही. रुग्णाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवतात, म्हणजे ते भिंतीला सगळीकडे लागते. ठरलेल्या वेळेनंतर ते परत ओढून घेतात. पोलिडोकॅनॉलसारखी औषधेही याच कामाला वापरतात.

सुईआधी एक खबरदारी. कुत्र्या-मेंढरांच्या सहवासात राहणाऱ्यांत हायडॅटिड कृमीची सिस्टही दिसते. ती बेसावधपणे टोचली आणि द्रव बाहेर सांडला, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी उठू शकते.

सिस्ट फार मोठी असेल किंवा सुईनंतरही भरत राहिली, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पूर्ण भूल देऊन, तीन-चार छोट्या छिद्रांतून सिस्टचे किडनीबाहेर आलेले छत कापून काढतात आणि तपासणीला पाठवतात. बूड मात्र किडनीला चिकटलेले असते. ते खरवडायला गेले तर रक्तस्राव होतो, म्हणून तसेच ठेवतात. पाणी पुन्हा साठण्याचा प्रश्न सुईपेक्षा इथे कमी. भूल आणि इस्पितळातला मुक्काम ही त्याची किंमत. किडनीच्या मध्याशी, मोठ्या रक्तवाहिन्यांलगत असलेल्या काही सिस्ट लघवीच्या वाटेने लवचिक दुर्बीण नेऊन लेसरने आतूनच उघडता येतात, पण त्याला तसा सरावलेला हात लागतो.

अल्कोहोलनंतर पहिल्या काही आठवड्यांच्या सोनोग्राफीत पुन्हा पाणी दिसले, तरी लगेच दुसरी तारीख घेऊ नये. भाजलेली भिंत काही काळ पाझरते आणि ते पाणी हळूहळू जिरते. निकाल तीन ते सहा महिन्यांनी पाहावा.