सलाईनने ताण उतरत नाही

"डॉक्टर, अशक्तपणा लई आलाय, एक सलाईन लावा." धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, भूम, परंड्याकडच्या छोट्या दवाखान्यांत हे वाक्य नवं नाही. जुलाब नसतात, उलट्या नसतात, ताप नसतो. झोप उडालेली असते, हातापायांना मुंग्या येतात, जेवण जात नाही. सोयाबीन पाण्यात गेलेलं असतं किंवा पोरीचं लग्न तोंडावर आलेलं असतं. पण ते कुणी डॉक्टरांना सांगत नाही आणि बाहेर रांग असताना डॉक्टरही विचारत नाहीत.

सलाईनने ताकद येते, हा जिल्ह्यातला सगळ्यात महागडा गैरसमज म्हणायला हवा. 500 मिलीच्या साध्या सलाईनमध्ये पाण्याशिवाय असतं ते साडेचार ग्रॅम मीठ. पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर. ज्वारीची एक भाकरी यापेक्षा जास्त ऊर्जा देते. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर हीच बाटली जीव वाचवते, हेही खरं. मग ताणाने गळालेल्या माणसाला तिने बरं का वाटतं? तासभर आडवं पडायला मिळतं, घरचं कुणीतरी उशाशी बसतं, वसुलीचा फोन घ्यावा लागत नाही. गुण बराचसा त्या तासाचा असतो.

"रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, नाटक करतोय." हे चूक. ताणात अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात. छाती खरोखर धडधडते, बीपी-शुगर खरोखर वर जाते. मात्र छातीत कळ आणि दरदरून घाम असेल तर ताण आहे असं घरीच ठरवू नये, आधी ईसीजी काढावा. तंबाखू-मिसरीने डोकं शांत होतं हाही भासच, कारण तलफ भागते एवढंच. निकोटीनने नाडीचे ठोके उलट वाढतात. दारूने डोळा लागतो, पण पहाटे झोपमोड होते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं.

"मन घट्ट कर." 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री झालेल्या भूकंपात लोहारा-उमरगा भागातल्या ज्यांनी घरातली माणसं गमावली, त्यांना हा सल्ला देऊन काय होणार होतं? सप्टेंबर 2025मध्ये भूम-परंड्यात पूर आला, माती खरवडून गेली, जनावरं वाहून गेली. अशा वेळी पहिले काही आठवडे दचकणं, रडू येणं, पाऊस आला की पोटात गोळा येणं हे आजारपण नव्हे. बहुतेक माणसं यातून आपणहून सावरतात. महिना उलटूनही झोप आणि भूक परतली नाही, कामात हात चालेना, तर मात्र उपचार हवेत. आणि हे घरातल्या बाईलाही लागू आहे. "तिला कसलं टेन्शन?" असं आपण म्हणतो, पण उसनवारीला शेजारी तीच जाते आणि जेवते सगळ्यांच्या शेवटी.

"समुपदेशनाने कर्ज फिटतंय का?" हा टोमणा अगदीच खोटा नाही. 2015मध्ये शेतकरी आत्महत्या रोखण्याच्या बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळसोबत आपला जिल्हा निवडला गेला, त्याच वर्षी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प आला. भरपाईऐवजी कुणी समुपदेशन पुढे करत असेल तर चिडायलाच हवं. पण दुसरी बाजूही बघा. पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांत द्यावी, असा नियम वर्षानुवर्षं होता. शिवाय पंचनामा, ई-पीक पाहणी, ई-केवायसी. नैराश्यातल्या माणसाला अंथरुणातून उठवत नाही, तो तलाठ्याकडे कधी जाणार? मन सावरलं तर हक्काचे पैसे पदरात पडायची शक्यता तरी राहते.

"असं काही विचारू नका, नसतं डोक्यात यायचं." उलट आहे. "जीव नकोसा वाटतो का?" असं सरळ विचारल्याने तो विचार पेरला जात नाही, बोलणाऱ्याचं ओझं बहुधा हलकंच होतं. बोलतो तो करत नाही, हेही खरं नाही. कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. मानसिक आरोग्य कायदा, 2017 अशा माणसाला तीव्र ताणाखालचा मानतो; त्याला शिक्षा नव्हे तर उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवतो.

नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी "फरक नाही" म्हणून सोडू नयेत. बरं वाटल्यावरही डॉक्टरांना विचारूनच कमी कराव्यात. "बाहेरचं हाय" म्हणणाऱ्यांशी भांडत बसू नये. तुळजापूरला जाऊन बरं वाटत असेल तर जरूर जावं, फक्त गोळ्या पिशवीत ठेवाव्यात.

फवारणीची औषधं घरात मोकळी ठेवू नयेत. कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. जीव द्यावासा वाटण्याची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, तेवढ्यात हाताशी काही नसलं की माणूस वाचतो. श्रीलंकेत घातक कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. कुणी निर्वाणीचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, 108ला फोन करा. आणि रात्री दोनला झोप उडून डोकं भणभणत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.