इंजिन बदललं तरी ऑइल गळतंय? आधी जागा शोधा, मग पैसे मोजा

मंडळी, चांदनी-नेपानगरकडून बुऱ्हाणपूरला आणि पुढे रावेर-भुसावळपर्यंत मासळी न्यायची तर गाडी धडधाकट लागते. बर्फ वितळायच्या आत माल पोहोचला नाही तर भाव गेला. म्हणून जुनं इंजिन थकलं की बरेच जण वापरलेलं इंजिन बसवून घेतात. पण आठ-दहा दिवसांत गाडीखाली काळे डाग दिसले की मालक मिस्त्रीला बोलतो आणि मिस्त्री इंजिन विकणाऱ्यावर ढकलतो. खर्च कोणाच्या माथी, हे गळतीची जागा सापडल्यावरच ठरतं.

आधी ऑइल ओळखा

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरा. डिझेल इंजिनचं ऑइल काळं असतं. गिअरचं ऑइल जाड असून त्याला उग्र वास येतो. पॉवर स्टिअरिंगचं बहुधा लालसर असतं. हिरवट किंवा गुलाबी पाणी असेल तर ते रेडिएटरचं कूलंट. मासळीच्या गाडीत बर्फाचं पाणीही खाली येतं. ते ऑइलचा माग धुऊन टाकतं, म्हणून तपासणी गाडी रिकामी असतानाच करा.

थेंब खाली, गळती वर

थेंब पडतो तिथंच गळती आहे असं समजू नका. ऑइल वरून ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं पसरतं. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशनं साफ करून कोरडं करा. मग पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून टॉर्च घेऊन बघा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा, तिथूनच शोध सुरू करा.

कारणं तीन, जबाबदारी वेगवेगळी

१) बसवण्यातली चूक. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहतं, त्यावरच नवा फिल्टर बसतो आणि ऑइल धो-धो गळतं. ड्रेन प्लगचं वॉशर, ऑइल प्रेशरचा स्विच, टॅपेट कव्हरचं पॅकिंग हेही बघा. इंजिन जमिनीवर चेंबरवर टेकवून ठेवलेलं असेल तर चेंबर चेपतो. जुनी डिपस्टिक दुसऱ्या चेंबरला लावली तर माप चुकतं आणि ऑइल जास्त भरलं जातं. ही सगळी कामं कमी खर्चाची आहेत. बसवताना चूक झाली असेल तर ती मिस्त्रीनं निस्तरायची.

२) वाळलेली सील. बरेच महिने पडून राहिलेल्या इंजिनची रबरी सील कडक होतात. गिअरबॉक्स आणि इंजिनच्या जोडाखालून थेंब येत असतील, क्लच घसरत असेल, तर क्रँकच्या मागच्या सीलवर संशय घ्या. गिअर ऑइलचा वास आला तर मात्र दोष गिअरबॉक्सच्या सीलचा. हे सील स्वस्त असतं, पण बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी भारी पडते. म्हणून इंजिन बसवायच्या आधीच नवं सील टाकायला सांगा.

३) इंजिनच खचलेलं. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. थोडा वाफारा चालतो. जोरानं धूर फेकत असेल तर आधी ब्रीदर पाइप तुंबलाय का बघा. तो साफ करूनही जोर कमी झाला नाही तर रिंगा झिजल्याचा संशय घ्या आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. आत असा दाब असेल तर कितीही सील बदला, ऑइल दुसरीकडून वाट काढतं. अशा वेळी सीलवर पैसे घालू नका. गॅरंटीची मुदत आहे तोवर विकणाऱ्याला गाठा.

सिलिकॉन पेस्ट थापून गळती झाकू नका. जास्तीची पेस्ट आत सुटते आणि ऑइलची जाळी तुंबवते.

दोन गोष्टी विसरू नका. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा, "बाजारापर्यंत जाऊ" म्हणू नका, इंजिन जाम होईल. आणि बदललेल्या इंजिनचा नंबर आरटीओत कळवून आरसीवर चढवून घ्या, बिल जपून ठेवा. राज्याची हद्द ओलांडताना किंवा विम्याच्या वेळी तेच कामाला येतं.

होडीत डिझेल इंजिन असेल तरी हीच पद्धत लागू पडते. इंजिनखाली पत्र्याचा ट्रे ठेवा, गळतीही कळते. तळाशी साचलेलं तेलकट पाणी मात्र तापीत उपसू नका, त्याच पाण्यात आपली जाळी पडतात.

गाडीवाल्या भावांपर्यंत ही माहिती पोहोचवा.